जादा माणूस

कचेरीत सगळे त्यांना अंदाजेबाई म्हणत. समुद्रात दूरवर चाललेली जहाजं किनाऱ्यावरून हेरणारी रडार यंत्रणा उभारायला आणि चालवायला किती खर्च येईल, याचा अंदाज बांधण्यात त्यांची हयात गेली होती. चहा करणारा विचारायचा, "बाई, साखर किती?" आणि उत्तरही तोच द्यायचा, "अंदाजे!"

बाईंची रीत वेगळी होती. आकडे मांडण्याआधी त्या मनातल्या मनात केंद्रावरचा एक दिवस काढून बघायच्या. सकाळी दार कोण उघडतं, खाऱ्या वाऱ्याने कशाकशाला गंज चढतो, वीज गेली तर जनरेटरकडे कोण धावतं. त्यामुळे त्यांच्या अंदाजात गंजरोधक रंगाच्या डब्यापर्यंत सगळं यायचं.

या खेपेचं केंद्र एका ओसाड टोकावर होतं. आराखड्यात तिथे मुक्कामाला एकच माणूस धरला होता. बाईंनी त्याचा दिवस काढून पाहिला. संध्याकाळी रडारच्या पडद्यावर जहाजाचा ठिपका उमटला, आणि त्या तिथेच अडखळल्या. मग पेन्सिलीने त्यांनी एक ओळ वाढवली: दुसरा माणूस, सोबतीला.

साहेबांनी लगेच बोलावलं. वयाने लहान, जिभेला हाड नाही, पण मनाने बरे.

"बाई, सोबत म्हणजे काय? लग्न लावताय का त्याचं?"

"तिथे चिटपाखरू नाही, साहेब."

"अहो, ठिपका दिसला की घंटा आपोआप वाजते. वर्षानुवर्षांचा पगार धरला तर तुमची ही सोबत रडारच्या खांबांपेक्षा महाग पडतेय!"

"घंटा वाजेल हो. पण 'ते बघ, आलं जहाज' असं म्हणायचं कुणाला?"

"भिंतीला! तुम्ही नाही का राहत एकट्या?"

बोलून गेल्यावर साहेबांनी जीभ चावली. बाईंचे यजमान गेल्याच वर्षी गेले होते.

"राहते ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मांडलं."

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी ठेवीन हो. पण वरचे 'सोबत' या शब्दावरच फुली मारतील."

बाईंनी कागद ओढून घेतला. "जनरेटरला जादा जनरेटर आहे, केबलला जादा केबल. त्यावर कधी कुणी हूं की चूं केलंय?" त्यांनी शब्द खोडला आणि लिहिलं: जादा माणूस.

साहेबांना हसू फुटलं. "धन्य आहात!" म्हणत त्यांनी सही केली.

वरून मंजुरी आली, ती जादा माणसासकट. चहावाल्याने बाईंना न विचारताच दोन चमचे साखर घातली.

त्या संध्याकाळी जिना चढतानाच त्यांना कधी सांगते असं झालं होतं. कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? मंजूर झालं!"

दार उघडलं. सकाळी बंद करायचा राहिलेला पंखा दिवसभर रिकाम्या खोलीत फिरत होता. निघताना कुणी म्हणालं असतं, पंखा राहिला म्हणून.

त्यांनी बटण दाबलं आणि पाती थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.