कानामागचा वळ

तेवीस वर्षं ती एकच काम करत होती. कुठल्या घरात पोराला मार बसतोय अशी तक्रार आली, की जाऊन त्या घराचं दार वाजवायचं. वस्त्यांमध्ये तिला ‘पोरं नेणारी बाई’ म्हणत. जेवायला कुरकुरणाऱ्या लेकरांना आया तिचीच भीती घालत. तिला त्याचं काही वाटत नसे. आईबापांचं ऐकून घ्यायचं, पण पोराशी एकट्याने बोलायचं, आपले शब्द त्याच्या तोंडात घालायचे नाहीत, हे तिचं ठरलेलं. नव्या मुलींना ती सांगायची, ‘‘खेळताना गुडघे फुटतात, नडग्या सोलवटतात. कानामागे कुणी पडत नाही.’’

त्या सोमवारी एका शाळेतून तक्रार आली. दुसरीतली मुलगी, पाठीवर पट्ट्याचे वळ. पत्ता तिने दोनदा वाचला. घर तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

नात्यातलं प्रकरण हाताळायची परवानगी नव्हती. तिने कागद सहकारी बाईंकडे दिला. बाई त्याच दुपारी शाळेत जाऊन मुलीशी बोलल्या, मग घरी गेल्या. संध्याकाळी भावाचा फोन.

‘‘ताई, घरातलं घरात राहू दे. तो कागद दाब कुठेतरी.’’

‘‘पट्ट्याने मारलंस तिला?’’

‘‘आपल्याला नाही मारलं बाबांनी? मेलो का आपण?’’

‘‘कागद दाबायची नाही मी.’’

फोन ठेवला तेव्हा तिची मान ताठ होती. रक्ताच्या नात्यापुढेही आपण वाकलो नाही, असं तिला वाटलं. तो ताठा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सहकारी बाईंनी तिलाच समोर बसवलं.

‘‘जबाब घ्यावा लागेल तुमचा. मुलगी म्हणते, आत्याला माहितीये. वेणी घालताना तिने बघितलं.’’



‘‘कानामागे काळंनिळं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊ म्हणाला, धडपडी आहे, पडली असेल.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘वेणी पुरी केली.’’

‘‘कधीची गोष्ट?’’

‘‘चौदा महिने झाले.’’

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी तो आकडा लिहिला आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला. दोघी अकरा वर्षं एकत्र डबा खात होत्या. दुसऱ्या दिवसापासून बाई दुसऱ्या टेबलावर जेवायला बसू लागल्या.

मुलीला आजोळी ठेवलं. आत्याला कामावर नोटीस मिळाली, घरभेटी काढून घेतल्या, जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. भावाने तोंड बघायचं सोडलं. आई म्हणाली, ‘‘पाठच्या भावाचं घर मोडलंस गं!’’ मोडायचं तर वेळेवर मोडायला हवं होतं, हे तिच्या ओठांवर आलं. ती गिळून बसली.

महिन्यातून एकदा ती भाचीला भेटायला जाते. आजी बाहेरच्या खोलीत बसवते, पाणी देते. पोरगी बोलावल्यावर येते, हात मागे बांधून उभी राहते, विचारलं तेवढंच सांगते.

‘‘बरी आहेस ना, बाळा?’’

‘‘बरी आहे, मॅडम.’’

आत्या म्हण, असं सांगायचा धीर तिला अजून झालेला नाही.