पुळिक्कलचा पत्ता

कार्त्यायनी टीचर माझ्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या तेव्हा सामानात भांडी कमी आणि वायरी जास्त होत्या. म्हटलं झालं, आता ही बाई माझा फ्यूज उडवणार. नवरा गेल्यापासून मला बोलायला नुसत्या कोंबड्याच. शाळेतली निवृत्त टीचर भाडेकरू मिळाली याचा आनंदच होता, पण आनंद दाखवायची या थ्रेस्याला सवय नाही.

टीचरांचं घर कोडुंगल्लूरच्या हमरस्त्यावर होतं. नाव पुळिक्कल. पाकिटावर दुसरं काही न लिहिता 'पुळिक्कल' एवढंच लिहिलं तरी पोस्टमन ते बरोबर त्यांच्या हातात द्यायचा. मग रस्ता रुंद झाला आणि घर त्यात गेलं. थोरली बहीण सौदामिनी, त्यांची चेची म्हणजे ताई, शारजाला मुलाकडे असते. तिनं बजावलं होतं की मी आल्याशिवाय पाडू देऊ नकोस, मला एकदा सगळ्या खोल्यांतून फिरायचंय. पाडायची तारीख आली, आणि टीचरांनी ती चेचीला कळवलीच नाही. म्हणे तिचं रडणं ऐकवलं नसतं. चेचीला कळलं ते कुणा शेजाऱ्यानं पाठवलेल्या ढिगाऱ्याच्या फोटोतून. तेव्हापासून दोन वर्षं तिनं टीचरांचा फोन घेतला नव्हता.

टीचर शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या. आता घरच्याच कॉम्प्युटरवर त्यांनी सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे काय, तर म्हणाल्या, दारात बसलेला माणूस; कुणी हाक मारली की आतलं पान आणून देतो. मी विचारलं, हाक कोण मारणार? म्हणाल्या, मीच. स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची! शिकलेल्या बायकांचं हे असं असतं. पहिल्या दिवशी पडद्यावर 'चालतंय' अशा अर्थाची एक ओळ उमटली, तर बाईंनी मला वाटीभर पायसम दिलं.

मग रोज दुपारी खाडीवरचा उजेड त्यांच्या छतावर हलायचा, आणि त्याखाली बाई घर बांधत बसायच्या. एकेक खोली म्हणजे एकेक पान. दारावर बोट दाबलं की पुढची खोली. जुने फोटो होते, नव्हते तिथे त्यांनी हातानं चित्रं काढली. विहिरीपाशी रहाट कुरकुरायचा, तो आवाज माझ्याच विहिरीचा, न विचारता उचललेला. भांडायला गेले आणि पडद्यावरच्या ओसरीतच अडकले. पडद्यातल्या अंगणात चिंचेची सावली, बाहेर माझ्या नारळांची, कुठली कुठे संपते ते कळेना. त्या संध्याकाळी मी कोंबड्या कोंडायला विसरले.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. माजघरातून स्वयंपाकघराचं दार दाबलं की बाई मान खाली घालायच्या. दर वेळी. बसून बसून मान धरली असणार, दुसरं काय. मी औषधी तेलाची बाटली नेऊन दिली. त्या हसल्या आणि ठेवून घेतली.

घर पुरं झालं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच्या आतल्या यादीत एक ओळ लिहिली, की पुळिक्कल म्हणजे हेच यंत्र. मग ब्राउझरमध्ये नाव लिहिताच घर उघडायला लागलं. त्याच आनंदात बहिणीला निरोप गेला, 'चेची, पुळिक्कलला ये. वर नुसतं नाव लिही.'

दुसऱ्या दिवशी दोन वर्षांनी पहिल्यांदा चेचीचा फोन आला. मी तिथेच शेंगा सोलत होते.

"घर पाडलंस ते पाडलंस," चेची म्हणाली. "आता थट्टाही करतेस? असा पत्ताच नाही म्हणून लिहून येतंय इथे."

टीचरांनी कपाळावर हात मारला. ते नाव फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरला माहीत होतं. शारजात कोण ओळखणार? इतकी वर्षं शिकवलेली बाई, पण पुळिक्कल म्हटल्यावर पत्र पोहोचायचंच, ही सवय कुठे जाते?

मी म्हटलं, टीचर, मग जगाला दिसेल असं ठेवा की ते.

"नको गं थ्रेस्या," त्या म्हणाल्या. "घर एकदा रस्त्यावर गेलं. पुन्हा नाही." आणि फोनमध्ये हळूच म्हणाल्या, "चेची, ते फक्त इथेच उघडतं."

पलीकडून फोन ठेवला गेला. बाई तीन दिवस धड जेवल्या नाहीत. कॉम्प्युटरही लावला नाही. मला काही सुचेना. उगाच विहिरीवर जाऊन रहाट फिरवत राहिले.

फणस पिकायला लागले तेव्हा फाटकाशी टॅक्सी थांबली. चेची उतरली ती तरातरा आत, ना नमस्कार ना चमत्कार. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि एका बोटानं घराचं नाव लिहिलं.

पुळिक्कल उघडलं. ओसरी आली, विहीर आली. चेची बराच वेळ रहाट ऐकत बसली.

"मला विचारायला हवं होतंस," ती म्हणाली.

"चुकलं माझं, चेची."

चेची पडद्यावरच पुढे सरकली. माजघरात गेली, स्वयंपाकघराच्या दारावर बोट दाबलं आणि मान खाली घातली. शेजारी उभ्या टीचरांनीही. दोघींनी एकदमच.

त्या दाराची चौकट किती बुटकी होती ते मला तेव्हा कळलं. मी माझी तेलाची बाटली उचलली आणि बाहेर येऊन खोलीचं दार ओढून घेतलं.