भोंगेवाल्यांचा नकाशा

भोंगेवाल्यांची लेक कपडे शिवायची, आणि कात्री लावण्याच्या बाबतीत तिच्याइतकी भित्री बाई शोधून सापडली नसती. खडूच्या खुणा करायच्या, पुसायच्या, पुन्हा करायच्या. गिऱ्हाइकं कंटाळायची. पण तिने शिवलेला कोट कधी उसवावा लागला नाही, हेही खरं.

वडील कारखान्यात बॉयलरवर होते. पाळी सुटल्याचा भोंगा तेच वाजवायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना भोंगेवाले म्हणायची. त्या आवाजाने कानांची वाट लावली, आणि म्हातारपणी काचबिंदूने डोळेही नेले. डाव्या कानात तेवढी धुगधुगी होती. तीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरी आल्या आल्या म्हातारा म्हणाला, "माझं सगळं लिहून काढ गं, आणि वाचून दाखव. आपण काय जगलो, ते एकदा ऐकायचंय मला."

लिहायचं कसं, हे हिला कुठे ठाऊक? वाचनालयात लेखनाचा वर्ग चालायचा, तिथे तिने नाव घातलं. मॅडमनी माइंड मॅप शिकवला. मधे गोल, गोलात विषय, त्यातून फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि मग लिहायला बसायचं. बाई हरखलीच. हे तर आपलंच काम! तिने बेतायचा खाकी कागद भिंतीवर ठोकला, गोलात 'बाबा' लिहिलं आणि म्हाताऱ्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारू लागली.

म्हातारा खुलला. भाजलेला हात, संप, हिच्या आईचा राग, सगळं सांगत सुटला. लेक झाली त्या दिवशी आनंदाच्या भरात त्याने भोंगा वेळेआधीच वाजवला होता आणि सगळा कारखाना घरी गेला होता! आता ही गोष्ट 'काम' या फांदीवर घ्यायची की 'घर' या फांदीवर? इथे घोडं अडलं. तिने ती इकडे लिहिली, पुसली, तिकडे लिहिली. कागदाला कागद जोडत नकाशा खिडकीपर्यंत गेला. लिहिलेलं वाक्य मात्र एकही नाही.

"अहो, पुरे झाला नकाशा," मॅडम म्हणाल्या. "कुठलीही फांदी धरा आणि लिहा."

"आणि चुकीची धरली तर? कापलेलं कापड परत जोडता येतं का?"

"हा कागद आहे हो!"

पण ऐकतंय कोण. घरी म्हातारा रोज विचारायचा, "झालं का गं?" आणि ती कानाशी ओरडायची, "थोडंच राहिलंय, बाबा." दिवसेंदिवस जास्त मोठ्याने ओरडावं लागत होतं. तिला ते कळत होतं, भीतीही वाटत होती, आणि भीती वाटली की ती पुन्हा खडूच घ्यायची.

शेवटी म्हाताऱ्याने विचारणंच सोडलं, तेव्हा ती हादरली. एका सकाळी बसली आणि दुपारपर्यंत सगळं लिहून काढलं. नकाशाकडे एकदाही बघावं लागलं नाही.

तिने म्हाताऱ्याच्या हातात पानं दिली, त्याने ती चाचपली आणि हसून परत केली. ती डाव्या बाजूला बसून वाचू लागली. इतक्या मोठ्याने, की शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि भोंग्याच्या गोष्टीला पदराने डोळे पुसू लागली. म्हातारा मान कलती करून बसला होता, अगदी लक्ष देऊन. वाचून संपलं. तिचा घसा बसला होता.

म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली. मग तिचा गुडघा थोपटून म्हणाला, "कर ना सुरुवात. लाजतेस कशाला?"

तिने पहिलं पान पुन्हा वर घेतलं आणि हळू आवाजात वाचायला लागली. आता ओरडायचं काही कारण उरलं नव्हतं.