सोल्युशनचा पहिला हात

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि गेलेल्या माणसांबद्दल जाणत्या माणसांनी लिहावं, असंच मला वाटत आलं आहे. शिवाय सुखदेवमामांवर लिहिण्याचा हक्क माझ्यापेक्षा शेलूबाजारातल्या कितीतरी जणांना जास्त आहे. मामांनी उभा जन्म तिथं सायकली दुरुस्त करण्यात घालवला. मी त्यांना ओळखत होतो जेमतेम दोन वर्षं. पण ही पुरवणी त्यांच्या दुकानात दर आठवड्याला यायची. ते ती आधी वाचायचे, मग जमिनीवर पसरून तिच्यावर चाक ठेवायचे. तेवढ्याच आधारावर धीर करतो आहे... चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. सगळं शेलूबाजारच त्यांना मामा म्हणायचं. आमचा भाजीचा मळा शेलूबाजारच्या अलीकडे आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मी वाशिमला होस्टेलवर राहून शिकतो आणि शनिवारी घरी येतो. कॉलेजच्या सायकल संघात माझं नाव लागलं, तेव्हा घरी कोणाला ते नीट कळलं नाही. आई म्हणाली, "सायकल तं तू पयलेपासूनच चालवतं, त्यात कॉलेजचं काय?" मामांना मात्र लगेच कळलं. त्यांनी माझी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवून कान लावला आणि म्हणाले, "एवढ्या आउट चाकावर तू पयला येशीन? माह्या दुकानासमोरून जाऊ नको बाप्पा, माही बदनामी होईन." त्या दिवशी त्यांनी चाकाचा आउट, म्हणजे फिरताना येणारी डुगडुग, काढून दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या दुकानात थांबू लागलो.

मागच्या वर्षी आमच्या क्रीडा शिक्षकांना पुण्याच्या एका ओळखीच्या सायकलपटूनं आपली जुनी कार्बनची चाकं दिली. सर मला म्हणाले, "साफ करून घे, विद्यापीठाच्या निवडीला वापर." चाकं चांगली होती, पण रिमवर जुन्या सोल्युशनचे पिवळे-काळे थर बसले होते. या चाकांच्या टायरात वेगळी ट्यूब नसते. अख्खा टायरच सोल्युशननं रिमला चिकटवतात. खालचा जुना थर उंचसखल राहिला, तर नवा टायर नीट धरत नाही आणि भरधाव वळणावर निसटू शकतो. हे सगळं मी सरांकडून ऐकलेलं मामांना सांगितलं. मामांनी रिम एका बोटावर तोलली.

"हे चाक हाये का पापड? मले तं भेव वाटते, आमची मामी तळून टाकीन याले."

आतून मामींचा आवाज आला, "तुमालेच तळतो आता. चहा घ्या आधी."

चहा झाला आणि मामा कामाला बसले. आता जे झालं, त्याला मी त्यांची चूक म्हणायला धजत नाही, पण ते स्वतः तसंच म्हणायचे. पंक्चर काढताना ट्यूबला सोल्युशन लावण्याआधी ती जागा कानशीनं घासून खडबडीत करायची, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय. सोल्युशन दिसलं की हात आपोआप कानशीकडे जायचा. पुढच्या चाकाच्या रिमवर त्यांनी वीतभर कानस फिरवली. जुना थर निघाला, पण त्याच्याबरोबर काळी भुकटीही पडली. मामा थांबले. भुकटी बोटावर घेऊन त्यांनी उन्हात धरली. मग कानस पुसली, गल्ल्याच्या खणात ठेवली आणि खण बंद केला.

"लोखंडाचा असा काळा भुसा निंगत नाही," ते म्हणाले. "मी रिमच घासली रे. चुकलं माह्यं."

मी म्हणालो, "मामा, थोडंसंच तर आहे."

"थोडंसंच? त्या थोड्यावर तू पन्नासच्या स्पीडनं जाशीन ना?"

त्यांनी ते चाक भिंतीच्या खिळ्याला टांगलं आणि वर धुतलेला टॉवेल टाकला. पुण्याच्या त्या सायकलपटूच्या ओळखीत कार्बन दुरुस्त करणारा एक जाणकार होता. त्यानं ओरखड्याचे जवळून काढलेले फोटो मागितले. शिवाय रिमवर नाण्यानं हळू ठोकत जायचं आणि तो आवाज पाठवायचा. आत तडा असेल तिथं आवाज बद्द येतो, असं त्यानं सांगितलं. रस्त्यावर जीपवाले गाड्या भरून राहिले होते, वाशिम, वाशिम असं ओरडत होते, आणि मामा नाणं हातात धरून त्यांना दटावत होते, "चुप राहा रे दोन मिन्टं! चाकाची तब्येत पाहून राह्यलो!" जीपवाले खरंच गप्प झाले. मी फोन धरला आणि मामांनी रिमवर गोल टक टक टक करत फेरी पूर्ण केली. ओरखड्याजवळ त्यांचा हात किंचित अडला... मग तिथंही त्यांनी ठोकलं.

"पुण्यावून निरोप आल्याबिगर या रिमले सोल्युशन नाही लावनार मी," ते म्हणाले. "तू म्हटलं तरी नाही. तुया बापानं म्हटलं तरी नाही."

राहिलं मागचं चाक. त्याला आता लोखंड लावायचं नाही, पेट्रोल-थिनर ओतायचं नाही, गरम करायचं नाही, असं मामांनी स्वतःलाच बजावून घेतलं होतं. मग उरला अंगठा. ते अंगठ्यानं थर रगडत बसले. तासाभरात दोन बोटं जागा साफ झाली. संत्र्याचे दिवस होते, दुकानात कोणीतरी आणून दिलेली टोपली होती. दमून त्यांनी एक संत्रं सोललं आणि सोलता सोलता थबकले. बोटांवर बसलेलं सोल्युशन सालीच्या रसानं मऊ होऊन सुटत होतं.

"पाह्य, पाह्य! कॉलेजवाल्या, हे तुमच्या पुस्तकात हाये का?"

पुस्तकात होतं की नव्हतं, मला आठवेना. मी रसायनशास्त्र शिकतो, तरी आठवेना, आणि मला लाज वाटली. आधी बोटभर जागेवर साल पिळून पाहिली, दुसऱ्या दिवशी रिमला काही झालं नाही याची खात्री केली, आणि मग आम्ही कामाला लागलो. साल पिळायची, थोडं थांबायचं, अंगठ्यानं ढकलायचं. थर सुटून त्याच्या बारीक वळ्या व्हायच्या. आमच्याकडे खिरीसाठी कणकेचे बोटवे वळतात, अगदी तशा. मामी दारात येऊन म्हणाल्या, "जल्मात मले बोटवे वळू लागले नाही, अन् इथं पाहा!" शेवटी जुन्या फणीच्या तुकड्यानं कडा साफ केल्या आणि कोरड्या फडक्यानं पुसलं. तीन शनिवार लागले. रिम अशी झाली की मामांनी तिच्यात आपल्या मिशा पाहिल्या. दुकान कित्येक दिवस संत्र्याच्या वासानं भरलेलं होतं.

निवडीला मी मागं कार्बनचं आणि पुढं साधं चाक लावून गेलो. निवड झाली नाही, थोडक्यात राहिली. मामांना सांगितलं तेव्हा ते खिळ्यावरच्या टॉवेलकडे पाहत म्हणाले, "माही कानस आडवी आली." मी म्हणालो, माझे पाय कमी पडले. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचं मानलं नाही. पण जाताना ते म्हणाले, "पुढच्या सालाले दोन्ही चाकं. निरोप येऊ दे." ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा कुठं माहीत होतं...

परीक्षा जवळ आली आणि मी शनिवारीही होस्टेलवरच राहू लागलो. पुण्याचा माणूस कामात होता. मी आठवण करून देत राहिलो. परीक्षा सुरू असताना एका दुपारी त्याचं उत्तर आलं: ओरखडा फक्त वरच्या लेपाला आहे, आतले धागे शाबूत आहेत, आवाज सगळीकडे सारखा आहे, चाक वापरा. मी मामांना फोन लावला. उचलला नाही. तीनदा लावला. मग बोलून निरोप पाठवला, "मामा, चाक चांगलं आहे, तुमच्यानं काहीच बिघडलं नाही." उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आला तो मामींच्या भाच्याचा फोन. मामांना सकाळी छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण मला दुसरंच काहीतरी खात होतं. ते ओझं घेऊनच मामा गेले, असं वाटत होतं. पेपर लिहिताना हात थांबायचा. परीक्षा संपल्यावर मी शेलूबाजारला गेलो. मामींनी दुकानाची किल्ली घेतली आणि माझ्यासोबत दुकानापर्यंत चालत आल्या.

"तुयं चाक घेऊन जाय," त्या म्हणाल्या. "मले त्यातलं काही समजत नाही. मी कशाले हात लावला नाही."

दुकानात संत्र्याच्या सुकलेल्या साली अजून डब्यात होत्या. कानस खणातच होती. चाक खिळ्यावर, वर टॉवेल. मी टॉवेल काढला आणि चाक उजेडात आणलं.

रिम स्वच्छ होती. जुन्या थराचा कण नव्हता. आणि तिच्यावर सगळीकडे नव्या सोल्युशनचा पहिला हात दिलेला होता. पातळ, सारखा, वाळलेला. ओरखड्याच्या जागेवरून बोट फिरवलं. तिथंही तो तसाच होता, जराही अडखळलेला नव्हता.

निरोप पोचला होता.