रांगेतला वाटा

आमचे सासरे मासे खात नाहीत हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या नवऱ्याने त्यांना कोकणात, समुद्रकाठच्या रिसॉर्टवर न्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "अहो, तिथं ताटात मासे, भिंतीवर मासे, पडद्यावर मासे. त्यांनी करायचं काय?" नवरा म्हणाला, "हवा खातील." तो बँकेत आहे. समोरच्याची अडचण ऐकून घेऊन तिला हात न लावण्याची त्याला सवय आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या. आमच्या धाराशिवकडे तशीच पद्धत. मामा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. भूम तालुक्यातल्या एका तलावाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडायचं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर पाणी हातातून गेलं आणि आम्ही सापडलो. घरात आंबा चिरला तर फोडी मोजून, टीव्हीचा रिमोट पाळीने, पंख्याखालची जागा पाळीने. मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर रांगेतली भांडणं मिटवून घरी यावं, तर घरात आणखी एक रांग लागलेली असते. भाजी वाढताना माझा डाव जरा तिरका झाला तरी मामा घसा खाकरतात.

मासे मात्र आमच्याकडे चोरून शिजायचे. मामा ईट गावच्या आठवडी बाजाराला गेले की मी खिडक्या उघडून कढई चढवायची आणि आत्या दारात राखणीला उभ्या राहायच्या. त्या स्वतः खात नसत. "मला न्हाय सोसत त्येचा वास," म्हणायच्या. पण दारातूनच हुकूम सोडायच्या, "उलट आता. डोकं कडंला सरकव, ते येगळं खरपूस व्हऊ दे." न खाणाऱ्या बाईला हे कसं कळतं, असं विचारायला हवं होतं. पण कढईतला मासा खुणावत असताना मला असले प्रश्न सुचत नाहीत.

मामांचं माशांशी काय बिनसलं होतं ते आत्यांनीच मला सांगितलं, भाकरी थापता थापता, तुटक तुटक. उन्हाळ्यात गावचं तळं आटून नुसता चिखल उरला की सगळा गाव मासे धरायला उतरायचा. मग बांधावर माशांचे सारखे वाटे रांगेने मांडायचे आणि एकेका घराने आपापला उचलायचा. चिखल तुडवायला आमच्या वस्तीची माणसं सगळ्यात पुढे, पण रांगेत त्यांचा वाटा नसे. सगळ्यांचं उचलून झालं की उरलंसुरलं बांधावरून खाली फेकत, आणि खाली मामांचे वडील उपरणं पसरून उभे असत. आम्ही बौद्ध होऊन तोवर काही वर्षं झाली होती, पण बांधावरच्यांना त्याचं काही नव्हतं. मामा तेव्हा लहान होते. "आमचा बी रांगंत मांडा की!" असं ते खालून ओरडले आणि बापाने घाबरून त्यांच्याच थोबाडीत मारली. त्या दिवसापासून त्यांनी मासा तोंडात घातला नाही. हे ऐकलं तेव्हा मला भयंकर राग आला. तो कुणावर काढावा कळेना, म्हणून मी नवऱ्यावर काढला.

तर अशा माणसाला घेऊन आम्ही निघालो. सोबत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मामांचा गंभीर चेहरा. कधी समुद्र बघितला नव्हता, पण पाणी म्हणजे आपल्या खात्यातला विषय, असा त्यांचा भाव होता.

पोचल्यावर पहिल्याच सकाळी उजाडता उजाडता त्यांनी आम्हाला हलवून उठवलं. "उठा, उठा. पाणी सोडलंया कुणीतरी."

आदल्या संध्याकाळी पाणी रिसॉर्टच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. आता ते लांब गेलं होतं आणि मधे नुसती ओली वाळू पसरली होती. मामा सरळ मॅनेजरकडे गेले. तो बिचारा दात घासत होता.

"रातच्याला गेट कुणी उघडलं?"

"काका, ही ओहोटी आहे. येईल परत पाणी."

"कुणाच्या हुकमानं?"

"चंद्राच्या," मॅनेजर फेस थुंकून म्हणाला.

मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "येळंवर येतं का?"

"रोज थोडा उशीर होतो."

"मंग आमच्या खात्यावानीच हाय," मामा म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी होडीतून गळ टाकायचा कार्यक्रम होता. आत्या काठावर थांबल्या. नवऱ्याने रिसॉर्टच्या दुकानातून स्वतःला आणि मामांना फुलाफुलांच्या अर्ध्या चड्ड्या घेतल्या होत्या. मामांनी ती चड्डी घातली, पण वर पांढरा सदरा खालपासून वरपर्यंत बटणं लावून. होडी थोडी आत गेल्यावर नवऱ्याने मोठ्या ऐटीत गळ भिरकावला आणि तो त्याच्याच लाइफ जॅकेटला जाऊन रुतला. होडीवाला तो सोडवत असतानाच नवऱ्याचं पोट ढवळलं आणि सकाळचे पोहे समुद्राला मिळाले. त्या पोह्यांना मासे गोळा झाले, म्हणून मला एक बोटभर मासा लागला. तोही होडीवाल्याने "पिल्लू आसा" म्हणून परत पाण्यात सोडला.

मामा दोन्ही हातांनी फळी धरून मधोमध बसले होते. त्यांनी होडीवाल्याला विचारलं, "मासा सापडला तर कुणाचा?"

"तुमचोच. भाडा दिलास मां."

"आन तुमचा वाटा?"

"माका भाडा."

ज्याची होडी, ज्याचा गळ, मासे कुठे असतात हेही ज्याला ठाऊक, त्याचाच माशात वाटा नाही, हे मामांना काही केल्या पटेना. "ह्यात रामच न्हाय," म्हणून त्यांनी काठाकडे तोंड फिरवलं ते उतरेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर किनाऱ्यावर रापण लागली. म्हणजे होडीने लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि त्याची दोन टोकं काठावरून माणसांनी ओढत आणायची. रिसॉर्टने पाटी लावली होती, 'रापणीचा अनुभव घ्या'. पाहुणे आले, दोरी धरली, दात काढून फोटो घेतले आणि चहाला गेले. आमचाही अनुभव एका फोटोत संपला. मामांनी मात्र तळहातावर थुंकून दोरी धरली आणि कोळ्यांच्या मधे टाचा रोवून उभे राहिले. आम्ही हाका मारल्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

आम्ही तिघं वाळूने माखून खोलीपाशी आलो तेव्हा आठवलं, की किल्ली सांभाळायची आज मामांची पाळी. ही पाळीसुद्धा त्यांनीच लावलेली. दाराबाहेर उभं राहून माझ्या अंगावरची वाळू सुकली आणि डोकं तापलं. शेवटी आम्ही तरातरा परत किनाऱ्यावर गेलो.

जाळं काठाला आलं होतं. ओल्या वाळूवर माशांचे वाटे रांगेने मांडलेले होते. प्रत्येकात दोनचार बांगडे, ओंजळभर तारल्या, एखादं किरकोळ काहीबाही. दोरी ओढणारे सगळे रांगेच्या कडेला उकिडवे बसले होते आणि त्यांच्यात फुलाफुलांची चड्डी घालून आमचे मामा. पुढे एक टोपली. कुणाचा वाटा कुठला हे ठरवायला प्रत्येकाने आपली एक खूण तिच्यात टाकली होती. चुन्याची डबी, बिडीचं बंडल, तुटका कंगवा, शिंपला आणि लाकडी माशाचा बिल्ला लावलेली आमच्या खोलीची किल्ली.

"मामा, किल्ली द्या," मी म्हटलं.

"आता न्हाय उचलायची. वाट्यात हाय."

"अहो, आम्ही बाहेर उभे आहोत!"

"म्या बी बाहेरच बसलोय की."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या वाट्यांच्या रांगेकडे बघत होत्या. मग माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि किल्लीचं खूळ तिथल्या तिथे उतरलं. मासा न खाणारा हा माणूस हात सोलवटून इथे का बसला होता, ते आम्हा तिघांनाही कळलं.

नेमका तेव्हाच मॅनेजर धावत आला. "काका, पाहुण्यांना वाटा नसतो हो. तुम्ही बसा तिकडे खुर्चीवर. उरलं तर देतील काहीतरी."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण 'उरलं तर' ऐकून मामा उभे राहिले आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मी त्यांना घाबरलेलं, रडलेलं कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हा बघायची माझी अजिबात तयारी नव्हती. काउंटरवर रांग मोडणाऱ्याला मी जे ऐकवते ते मॅनेजरला ऐकवायला मी पुढे झाले.

पण रापणीचा म्होरक्या, एक काळाभोर म्हातारा, बसल्या जागेवरून बोलला. "ह्यो माणूस शेवटपर्यंत दोरयेर होतो. दोरी वडली, मगे वाटो घेवकच व्हयो. तू जा बघया."

मॅनेजर गेला. मामा पुन्हा उकिडवे बसले आणि मी पदराने नाक पुसलं.

आता खुणा टाकायला वाट्यात नसलेला माणूस हवा होता. म्होरक्याने माझ्या नवऱ्याला धरलं. डोळे मिटून टोपलीतून एकेक खूण काढायची आणि पुढच्या पुढच्या वाट्यावर ठेवत जायची. एवढं सोपं काम. पण रांगेच्या शेवटच्या वाट्यात एक बरा टपोरा पापलेट होता, तो याने आधीच हेरून ठेवलेला. हात टोपलीत घालून बेट्याची बोटं लाकडी बिल्ला बाजूला सारत राहिली.

"चाचपू नगंस!" मामा कडाडले. "सरळ काढ. हाताला यील ते टाक!"

सगळे कोळी हसले. नवरा कानापर्यंत लाल झाला आणि पुढच्या खेपेला हाताला आलं ते त्याने टाकलं. किल्ली पडली ती मधल्याच एका वाट्यावर. तीन बांगडे, तारल्या आणि एक चपटा, नाव नसलेला मासा.

म्होरक्याने स्वतःच्या वाट्यातला एक बांगडा उचलून मामांच्या वाट्यावर ठेवला. "ह्यो पावण्याक."

मामांनी तो उचलला आणि परत जागच्या जागी नेऊन ठेवला. "जास्ती नगं, मालक. समद्यांसारखा असू द्या."

मी वाट्यापुढे माझा पदर पसरला, मासे घ्यायला.

"पसरू नगंस," मामा हळूच म्हणाले. मी पदर गोळा केला. नवऱ्याने पाय धुवायची बादली आणली आणि मामांनी वाकून एकेक मासा आपल्या हाताने उचलून तिच्यात ठेवला. शेवटी किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. तिला अजूनही माशाचा वास येतो असं आम्ही घरी परतायला निघालो तेव्हा मॅनेजर म्हणाला.

रिसॉर्टच्या भिंतीवर 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती. मी मॅनेजरला विचारलं, की समुद्र तुमच्या आतला की बाहेरचा. तो दमलेला होता. त्याने स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं. आत्या आत शिरल्या आणि थोड्याच वेळात आचाऱ्याला हुकूम ऐकू यायला लागले, "उलट आता. डोकं कडंला सरकव."

ताट टेबलावर आलं आणि साहजिकच वाटणी सुरू झाली. मामांनी आचाऱ्याला एक तुकडा दिला, मॅनेजरलाही दिला. आम्हा चौघांचे सारखे भाग केले. मग सगळ्यात मोठ्या बांगड्याचं डोकं तोडून आत्यांच्या ताटलीत ठेवलं.

"मला कशाला?" आत्या म्हणाल्या. "मला न्हाय सोसत वास."

"तुला डोकं आवडतं."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भावानं. लग्नाच्या मांडवात."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आमच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली, त्यांच्या लग्नाचं तर विचारूच नका. "मंग इतकी वर्सं बोलला न्हाय ते?"

"वाटा न्हवता," मामा म्हणाले.

मग त्यांनी एक घास तोंडात घातला. ते चावत राहिले, थांबले, ओठांतून काटा काढला, आणखी एक काढला आणि ताटलीच्या कडेला शेजारी शेजारी ठेवले.

"काटं लई हायत की ह्यात," ते म्हणाले. "उगंच एवढा राग धरला."

आत्या डोकं खात होत्या. खाली मान घालून, चोखून चोखून, बोटं चाटून. एवढ्या मनापासून काही खाताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं आणि माझ्या त्या सगळ्या कढया आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपल्यावर त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग जरा चोरून इकडेतिकडे.

मामांच्या भागात एक डोकं होतं. ते त्यांनी उचललं आणि आत्यांच्या ताटलीत ठेवलं. म्हणजे आत्यांना दोन झाली आणि मामांना एकही नाही. मी दोनदा मोजलं. मामांनी घसा खाकरला नाही.