सातवीला उशीर होतो

चकलांब्याच्या आमच्या शेतात विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. सहा चांगले नारळाएवढे, सातवा अर्धा. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. दर अमावास्येला घरातल्या मुलीच्या हातून त्यांना दहीभाताचा निवद जातो. आधी मी नेत होते, मग माझी थोरली भाची नेऊ लागली. या वेळी पहिल्यांदाच मान लहानीचा होता. ती सहा वर्षांची. महिनाभर रिकामी ताटली दोन्ही हातांत धरून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.

आणि नेमकी तेव्हाच मी माती खाल्ली.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. माझी भाकरी काही गोल होत नाही, म्हणून वहिनी मला चुलीपाशी टिकू देत नाही. मग उरलं काय, लेकरं आणि गोष्टी. माझ्या आसरा भर दुपारी पाण्यावर फुगड्या खेळतात. हातभर हिरव्या बांगड्या, आणि हसणं असं की विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकू येऊ नये. त्यांच्यातली सातवी बुटकी. ती कायम मागं राहते आणि ओरडते, "थांबा गं बायांनो, माझी बांगडी सांडली!" दोघी भाच्यांचा जीव तिच्यावर.

ती बुटकी कशानं झाली, ते फक्त मला आणि माझ्या भावाला माहीत आहे. मी दहा वर्षांची असताना त्या दगडावर हिरवे बदाम फोडले आणि दगडच फुटला. अर्धा विहिरीत गेला, उरलेल्याला मी घाईघाईनं शेंदूर फासला. गोष्ट नंतर सुचली.

तर एक दिवस मोबाइलवर जाहिरात आली. आसरांवर सिनेमा! मी घरभर अशी मिरवले, जणू मानधन मलाच मिळणार होतं.

भाऊ म्हणाला, "तुला इचारून काढला का त्यायनं?"

"इचारलं असतं तर बरा झाला असता. तू जीप काढ."

सिनेमा लहान लेकरांचा आहे की नाही, हे बघायची मला गरज वाटली नाही. माझ्याच आसरा, त्यात काय बघायचं? बीडला थेटरात पहिल्या रांगा सोडून ऐटीत बसलो. दिवे गेले आणि विहिरीतून सात बाया वर आल्या. पांढरेफटक चेहरे, लाल डोळे, केस गुडघ्यापर्यंत. साती एका साच्यातल्या. कुणी बुटकी नाही, कुणाला उशीर नाही. वर येताच त्यांनी एका पोराला पाय धरून आत ओढलं. लहानीनं माझ्या पदरात तोंड खुपसलं.

थोरली मात्र खुर्चीत उभी राहिली. "आत्या, यांच्या हातात बांगड्याच न्हाईत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, पोरीला खाली बसवा की."

"बसते," ती म्हणाली, "पण ह्या आसरा न्हाईत."

आम्ही मध्यंतरातच उठलो. वाटेत गेवराईला भजी घेतली, तीही लहानीनं खाल्ली नाहीत. घरी येऊन तिनं ताटली फळीवर ठेवली. "मी न्हाई जाणार. त्या वढतेत."

एवढ्या वर्षांच्या माझ्या गोष्टी एका दुपारी पाण्यात गेल्या होत्या, आणि तिकिटं मीच काढली होती. वहिनी एवढंच म्हणाली, "आता सांगा गोष्ट."

अमावास्येला आम्ही विहिरीवर निघालो तेव्हा ताटली थोरलीच्या हातात होती. लहानी भावाचं बोट धरून पार बांधाशी थांबली. थोरली माघारी वळली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली.

"त्या पिक्चरवाल्यायनं आपली हीर बघितली का? न्हाई ना? मग त्यायला सातवी कशी माहीत असंल?"

लहानीनं भावाचं बोट काही सोडलं नाही.

"तुला ठाव हाय का, तिलाबी पहिल्यांदा निवद न्यायचा व्हता. ताटली धरताच येईना. हात लहान ना. मग ती रोज दुपारी रिकामी ताटली घेऊन पाण्यावर चालायची. ह्या काठापासून त्या काठापोत्तर."

"सांडायचं का?"

"रिकाम्या ताटलीतून काय सांडंल, येडे?"

हे मी कधी सांगितलं नव्हतं. शपथ. मला ते सुचलंही नसतं. मी रुमालानं नाक पुसलं आणि उन्हाला बोल लावला.

लहानीनं हात पुढं केले. ताटली घेतली, मान ताठ केली आणि ओसरीत चालायची तशी चालत विहिरीपर्यंत आली. मी तिच्या फ्रॉकची मागची गाठ धरून. सहा दगडांपुढं तिनं लिंबाएवढा भात ठेवला. उरलेला सगळा अर्ध्या दगडापुढं.

"हिलाच एवढा कावून गं?" मी विचारलं.

"तिला उशीर व्हतो. तवर ह्या संपवतेत."

भाऊ माझ्या कानाशी आला. "बदामाचं सांगू का आता?"

"सांग की. निम्मे बदाम तूच खाल्ले, तेबी सांग."

तो नुसताच हसला. मी निघायला वळले, तर लहानीनं माझा पदर ओढला. "थांब ना आत्या. ती येऊ दे."

मग आम्ही चौघंही भर उन्हात थांबलो. भाऊ मोटारीच्या पेटीकडं बघत होता, थोरली माझ्याकडं. मी पाण्याकडं.