माघारी फिरायचं गाव

लडाखमधला आठवडाभराचा ट्रेक मी नक्की केला होता, पण मनातली धास्ती काही जात नव्हती. वाटेतल्या उंच खिंडीजवळ ना फोन लागतो, ना डॉक्टर मिळतो. बायकोने तर त्याबद्दल बोलणंच सोडलं होतं.

दादरच्या एका दुकानात बूट घ्यायला गेलो, तर तिथे साठीच्या एक बाई बूट घालून बघत होत्या. नाडी बांधायच्या, चार पावलं चालायच्या आणि पुन्हा सोडून बांधायच्या. बोलता बोलता कळलं, त्याही त्याच खिंडीकडे निघाल्या होत्या.

"माघारी कुठून फिरायचं ते ठरवलंत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"दम लागला तर. मागच्या खेपेला आमचे हे थांबलेच नाहीत. मी एकटी घरी आले."

"आणि तरी जाताय?"

"खिंड बघायची राहिलीय ना माझी," म्हणत त्या पुन्हा नाडीकडे वाकल्या.

घरी येऊन मी खिंडीच्या अलीकडचं शेवटचं गाव बायकोला नकाशावर दाखवलं.

"त्रास झाला तर इथून फिरशील?" तिने विचारलं.

"फिरेन," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला असावा. माझा अजून बसलेला नाही.